मुठीएवढं भोक

गणपती विसर्जनानंतरचा चौथा दिवस. दुपारचे चार वाजले होते आणि मी नेहमीप्रमाणे कॉफीचा लोटा घेऊन जिना चढून वरच्या खोलीत गेले. माझा धाकटा भाऊ गुरुराज, म्हणजे आमचा गुरु, जेवून पडला होता. भिंतीकडे तोंड, एक हात उशीखाली, लहानपणापासून झोपायचा तसाच. मी हाक मारली. दुसरी हाक जरा चिडून मारली, कारण कॉफी गार झाली की हा मलाच बोलणार. तिसरी मारलीच नाही... लोटा खिडकीत ठेवला, आणि सांगायला लाज वाटते, पण भावाच्या अंगाला हात लावायच्या आधी मी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. छताच्या जरा खाली त्यानं स्वतःच्या हातानं पाडलेलं मुठीएवढं भोक आहे. ते उघडं होतं. शेजारच्या आंब्याची दोन पानं त्यातून दिसत होती. मग मी त्याच्या खांद्याला हात लावला. तो गार होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्यांना कळलंसुद्धा नसेल. पुढचे तेरा दिवस येणारा प्रत्येक माणूस मला तेच सांगत होता. झोपेत गेला, पुण्यवान, असं मरण मागून मिळत नाही. मी मान डोलवायचे आणि पदराखाली माझ्या हातावर काटा यायचा. कारण आमच्या घरात गेली नऊ वर्षं गाढ झोप ही आनंदाची गोष्ट राहिली नव्हती. सकाळी खाली आला की गुरु विचारायचा, झोप कशी झाली? मी चुकून 'मस्त झाली' म्हटलं की त्याचा चेहरा उतरायचा. शेवटी मी 'बरी झाली, दोनदा जाग आली' असं म्हणायची सवयच लावून घेतली. एकसष्ट वर्षांच्या माणसाला एवढी कसली धास्ती, ते त्याच्या जवळच्या मित्रांनाही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. ते सांगायलाच आज लिहायला बसले आहे, आणि खरं सांगायचं तर मला अजून भीती वाटते आहे.

आमचं घराणं बंगळुरात नेमकं कधी आलं ते आता कुणालाच सांगता येत नाही. कुठल्याशा फौजेबरोबर आलो आणि परत जायचं विसरलो, असं वडील म्हणायचे. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि भांडताना दोन्ही. मी टेलिफोन खात्यात तीस वर्षं लोकांचे फोन जोडले. नवरा लवकर गेला तशी बसवनगुडीला माहेरच्या घरी राहायला आले. वरच्या खोलीत गुरु होताच. त्यानं लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, मला फ्रिजबरोबर राहायची सवय झाली आहे. कारण त्याचं काम शीतगृहं बांधण्याचं. देवनहळ्ळीच्या बाजूला गुलाबाचे मळे आहेत, परदेशी जाणारी फुलं विमानात चढेपर्यंत ज्या थंडगार खोल्यांत ठेवतात, त्या खोल्या हा बांधायचा. भिंतीला जाड अस्तर, दाराला रबराची कड, कुठूनही बाहेरची हवा आत येता कामा नये. खोली तयार झाली की गुरु खिशातून उदबत्ती काढायचा. आमच्या गावात उदबत्तीला काय तोटा. दाराच्या सांध्यापाशी, कोपऱ्यात, छताच्या कडेला ती धरून हा पठ्ठ्या धुराकडे बघत बसायचा. धूर सरळ वर गेला तर खोली पक्की. जरासा जरी वाकला तरी कुठेतरी फट आहे, काम पुन्हा. मालक लोक हसायचे, इंजिनिअरसाहेब खोलीची पूजा करतात म्हणायचे. पण त्याच्या खोल्यांचा धूर वाकत नसे, हा त्याचा गर्व होता.

बावन्नाव्या वर्षी त्याला कुणीतरी विचारलं की हिमाचलात अगदी वर, जिथे सहा महिने बर्फ असतं, तिथल्या गवंड्या-सुतारांना घरं उबदार कशी करायची ते शिकवाल का. मी पोट धरून हसले. डिसेंबर आला की सकाळी फिरायला माकडटोपी घालून जाणारा हा माणूस, वर मफलर, आणि हा थंडी शिकवायला हिमालयात निघाला. तो शांतपणे म्हणाला, "अक्का, स्वल्प विचार कर. इथे मी थंडी आत कोंडतो, तिथे ऊब आत कोंडायची. भिंत तीच आहे, फक्त उलटी." दोन आठवड्यांसाठी गेला आणि तिथलाच होऊन बसला. दर वर्षी मे लागला की जायचा, सप्टेंबरात परत यायचा. या वर्षी मात्र छातीत दुखतंय म्हणून जुलैतच आला. गावाचं नाव मी लिहीत नाही, तिथल्या लोकांना ते आवडणार नाही.

तिथली घरं मातीच्या विटांची, छप्पर सपाट. हिवाळ्यात सगळं कुटुंब एकाच खोलीत राहतं आणि खोलीच्या मधोमध बुखारी असते, म्हणजे पत्र्याची उंच शेगडी, जिचा धुराचा पाइप छपरातून बाहेर जातो. लाकूड आणायला बायकांनी दिवसदिवस चालायचं आणि जाळलेली निम्मी ऊब भिंतीतून निघून जायची. गुरु म्हणायचा, डोळ्यांदेखत एवढी नासाडी बघवत नाही. तिथला मुख्य कारागीर दोरजे मिस्त्री. वयानं गुरुपेक्षा थोडा मोठा, गवंडीकाम आणि सुतारकाम दोन्ही येणारा, कमी बोलणारा. पहिल्या दिवशी त्यानं गुरुच्या माकडटोपीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं की तुमच्याकडे बर्फ किती पडतं. गुरु म्हणाला, पडत नाही, आम्ही ते कारखान्यातून विकत आणतो. सगळे कारागीर हसले आणि तिथून त्यांचं जमलं. भिंतीच्या आतल्या बाजूला लाकडी चौकट ठोकायची, मधल्या जागेत मेंढीची टाकाऊ लोकर आणि वाळलं गवत भरायचं, वरून फळ्या मारून मातीचा गिलावा करायचा, असं गुरुनं ठरवलं होतं. तो लोकर दाबून दाबून भरायला लागला तेव्हा दोरजेनं त्याचा हात धरला. "दबाओ मत भाईजी, सुलाओ." दाबली की लोकर गार पडते, मोकळी निजवली तरच ऊब धरते. गुरु हे मला दहा वेळा तरी सांगायचा आणि प्रत्येक वेळी स्वतःच खूश व्हायचा. मी शिकवायला गेलो आणि पहिला धडा मलाच मिळाला, म्हणायचा.

तो पहिला उन्हाळा म्हणजे त्याच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा काळ असावा. पाच घरं झाली. कारागिरांना त्यानं आपली उदबत्ती शिकवली आणि त्यांना तिचा नादच लागला. धूर सरळ गेला की टाळ्या. दाराखालची फट बंद, खिडकीच्या चौकटीची फट बंद. कोणाच्या घराचा धूर कमी हलतो अशी कारागिरांत पैज लागायची. पाचवं घर डोलमाचं. ती दोरजेची पुतणी लागायची. नवरा फौजेत, घरात ती, तिची सासू आणि लहान मुलगी. तिथल्या जुन्या घरांना छपराशी एक बारीक झरोका ठेवायची रीत होती, त्यातून ऊब जाते हे तर दिसतच होतं. दोरजे शिडीवर उभा होता, हातात मातीचा गोळा. त्यानं खाली वळून विचारलं, "भाईजी, ये भी बंद?" आणि माझा भाऊ म्हणाला, "सब बंद."

हे दोन शब्द मी त्याच्या तोंडून किती वेळा ऐकले असतील. झोपेत नव्हे, जागेपणी. भाजी निवडताना, बसची वाट बघताना, मध्येच म्हणायचा... सब बंद.

त्या हिवाळ्यात जानेवारीत फोन आला. मी स्वयंपाकघरात होते, गुरु दारात उभा राहून बोलत होता. बोलता बोलता तो खाली बसला, तसाच, फरशीवर. बर्फानं डोलमाच्या बुखारीचा पाइप तोंडाशी बुजला होता. धूर नव्हे, धुरासारखा दिसतही नाही असा विषारी वायू खोलीत साठला आणि त्याला बाहेर जायला जागाच नव्हती. सकाळी ऊन वर आलं तरी दार उघडेना म्हणून दोरजेनं कुऱ्हाडीनं दार फोडलं. तिघी गोधडीत निजलेल्या, गाल गुलाबी, चेहरे शांत. त्यानं तिघींना ओढत बाहेर बर्फात आणलं. डोलमा आणि मुलगी शुद्धीवर आल्या. सासूही आली, पण पुरती आली नाही. तेव्हापासून म्हातारी सुनेला ओळखत नाही. मी गुरुला पाणी दिलं. तो प्याला नाही. म्हणाला, "गुलाबाच्या खोलीत शेगडी नसते अक्का. एवढं साधं... मला कसं सुचलं नाही?" मी त्याच्याशेजारी फरशीवर बसून राहिले. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.

रस्ता बंद होता. तरी तो निघाला, खालच्या गावात बर्फ हटेपर्यंत थांबला, आणि पोहोचल्यावर आधी डोलमाच्या घरी गेला. लोक मारतील, निदान शिव्या देतील, अशी त्याची अपेक्षा होती; मला वाटतं, इच्छाच होती. डोलमानं त्याला चहा दिला. तो रडायला लागला तेव्हा ती उलट त्याचीच समजूत घालू लागली. म्हणाली, घर फार छान झालं होतं, इतकी ऊब आम्ही जन्मात पाहिली नव्हती. "बहुत अच्छी नींद आई थी, भाईजी." हे वाक्य घेऊन तो बंगळुरात परत आला आणि ते आमच्या घरात राहायला आलं. मला विचाराल तर तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या माणूस विसरतो.

मला वाटलं होतं की आता हा पुन्हा वर जाणार नाही. मी तसं सुचवलंही. तो माझ्यावर आयुष्यात एकदाच ओरडला, तो तेव्हा. पाच घरं मी झाकून आलो आहे, म्हणाला, आणि लोकर भरायला शिकलेले बारा कारागीर आता आजूबाजूच्या गावांतून घरं झाकत सुटले आहेत, ते माझं ऐकतील की न ऐकता करतील? त्याचं खरं होतं. शिकवलेलं परत घेता येत नाही. मे महिन्यात तो गेला आणि कारागिरांना बसवून आधी स्वतःची चूक सांगितली. दोरजेनं विचारलं होतं आणि मी नाही ऐकलं, हेही सांगितलं. मग नवा नियम केला. प्रत्येक घराला दोन भोकं. एक जमिनीलगत बुखारीच्या मागे, म्हणजे बाहेरची हवा सरळ विस्तवाकडे जाईल आणि माणसांच्या पायाला लागणार नाही. दुसरं वर, छपराजवळ. माप काय ठेवायचं यावर वाद झाला. पट्टी हरवते, इंच कुणी लक्षात ठेवत नाही. शेवटी दोरजे म्हणाला, मूठ. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाची मूठ आरपार गेली पाहिजे. आणि आणखी एक रीत पडली, ती कुणी पाडली ते ठाऊक नाही: ज्यानं घराला अस्तर लावलं त्यानं बुखारी पेटवून पहिल्यांदा त्या घरात झोपायचं. घरच्यांनी नंतर. गुरु तिथे असेल तर त्याचंही अंथरूण कारागिराशेजारी पडायचं.

पण भोक पाडणं सोपं, उघडं ठेवणं कठीण. थंडी कडकडीत झाली की त्या भोकातून सुरीसारखं वारं येतं आणि घरातली बाई जुन्या मोज्याचा बोळा त्यात कोंबते. तिचं काय चुकलं? थंडी दिसते, वायू दिसत नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, पण तोंड पोळलं होतं ते एका घराचं, बाकीच्यांनी का फुंकावं? म्हणून गुरुनं फोन सुरू केले. ऑक्टोबरच्या शेवटी बुखाऱ्या पेटतात. तेव्हापासून मार्चपर्यंत, रोज संध्याकाळी पाच वाजता, तो वरच्या खोलीत खुर्ची ओढून बसायचा आणि एकेका घराला व्हिडिओवर फोन लावायचा. होता होता घरं चाळिसावर गेली होती. भोक उघडं आहे का असं तो विचारत नसे. विचारलं की सगळे हो म्हणतात. तो म्हणायचा, उदबत्ती दाखवा. मग पलीकडे कुणाचा तरी हात दिसायचा, पेटती काडी बुखारीमागे जमिनीलगत धरलेली. ज्या धुरानं वाकू नये म्हणून त्यानं अर्धं आयुष्य घालवलं, तो धूर आता वाकावा म्हणून हा श्वास धरून बघत बसायचा. धूर आत वाकला की म्हणायचा, "सरी. अब सोना." त्याच्या हिंदीत कन्नड अशी घुसायचीच. वरच्या गावांतली पोरंटोरंही म्हणे आता 'ठीक है'च्या जागी 'सरी' म्हणतात.

घरीही त्यानं आपल्या खोलीत ते भोक पाडलं. बंगळुरात बुखारी कुठली, पण ते बघितल्याशिवाय त्याला झोप येत नसे. माझ्या खालच्या न्हाणीत गॅसचा गीझर आहे, त्यावरून तर त्यानं मला भंडावून सोडलं. न्हाणीच्या झडपेच्या काचा एक दिवस स्वतःच काढून टाकल्या. मग वरच्या गावाहून फोन करूनही विचारायचा, अक्का, झडप उघडी आहे ना? उघडी आहे रे बाबा, मी म्हणायचे. मी त्याला चिडवायचे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस तो हाच. तो हसायचा. मला मात्र त्यानं कधी उदबत्ती दाखवायला सांगितली नाही.

तेराव्यानंतर दोरजेचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज. म्हणाला की थंडी सुरू होते आहे, फोन कोण करणार? मी म्हटलं, तुम्ही आहात की, तुम्हीच घरोघरी बघा. तो म्हणाला, आम्ही कारागीर हिवाळ्यात खाली कामाला जातो, आणि असलो तरी आपल्या माणसाच्या घरात शिरून भोक तपासायला लाज वाटते. "मैं पूछूँगा तो हाँ बोल देंगे, दीदी. बेंगलोर से फोन आएगा तो डरेंगे. आप करो." माझा मुलगा एचएसआर लेआउटला राहतो, त्याला सांगितलं तर तो वैतागला. आई, ही तुझी जबाबदारी नाही, वरती संस्था आहेत, सरकार आहे, तू बीपीची गोळी घेतेस. सगळं खरं. पण लोकांना वारशात दागिने मिळतात, घर मिळतं. मला माझ्या भावाची भीती मिळाली आणि ती नाकारायची कशी ते मला कुणी सांगितलं नाही.

त्याचा फोन, त्याची खुर्ची, त्याची वही. वहीत घरांची नावं, कुणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, कुणाचं मूल तान्हं आहे, कोण खोटं बोलतं. पहिल्या दिवशी माझे आकडे तीनदा चुकले, आणि मी टेलिफोन खात्यातली. मला त्यांची बोली येत नाही, माझं हिंदी म्हणजे बाजारातलं. मी फक्त म्हणायचे, उदबत्ती दिखाओ. ते दाखवायचे. बायका मला बघून रडायच्या, आणि मग लगेच वाकून काडी पेटवायच्या. पहिल्या आठवड्यात दोन घरी धूर हललाच नाही. मी ओरडले. दोन्ही घरी बोळे निघाले, एका ठिकाणी चक्क मुलाची शाळेची टोपी. फोन ठेवल्यावर मी खाली जाऊन पाणी प्यायले आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या भावानं आठ हिवाळे, रोज, हे केलं होतं आणि खाली येऊन माझ्याशी भाजीच्या भावाबद्दल बोलला होता.

डोलमाला फोन मी सगळ्यात शेवटी करायचा ठेवला होता. का, ते मला नीट सांगता येणार नाही. तिच्याशी काय बोलायचं ते सुचत नव्हतं. आणि ज्या दिवशी लावला त्याच दिवशी लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गावातला कुणाचाच लागेना. दोरजे खाली दुसऱ्या गावी कामाला, तो म्हणाला बर्फ पडलं आहे, टॉवर बंद असेल. मुलगा म्हणाला, आई, टॉवर गेलाय, माणसं नाही गेली. मला हे सगळं कळत होतं. पण डोळे मिटले की तीन गुलाबी चेहरे दिसायचे, मी कधी न पाहिलेले. बर्फ पडलं म्हणजे पाइपाचं तोंड बुजणार. बर्फ पडलं म्हणजे थंडी वाढणार, थंडी वाढली की बोळा जाणार. आता या क्षणी त्या तिघी 'छान' झोपल्या असतील का, या विचारानं माझी पाचावर धारण बसली. देवाला दिवा लावला आणि उदबत्ती लावायला हात पुढे गेला, तो मागे घेतला. तिचा धूर सरळ वर जाताना बघायची मला छाती नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला गुरुचा फोन वाजला. डोलमा. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. तिशी ओलांडलेली, डोक्याला रुमाल, मागे बुखारी, आणि बुखारीजवळ पाठीत वाकलेली म्हातारी. शेजारी अभ्यासाचं पुस्तक घेऊन मुलगी. तिघीही होत्या. मला रडू आलं, आणि रडतारडताच मी म्हटलं, उदबत्ती. तिनं काडी पेटवली, बुखारीमागे वाकली, खाली धरली. धूर सरळ वर गेला. एखाद्या ताणलेल्या दोऱ्यासारखा, जराही न हलता. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. मराठीत बोलले असेन, कन्नडमध्येही असेन. तुझ्याच घरी? सगळं जग सोडून तुझ्याच घरी? डोलमानं मुकाट्यानं हात घालून एक जुनं लोकरीचं फडकं बाहेर ओढलं. पुन्हा काडी धरली. धूर वाकला, आत आला, बुखारीकडे धावला. तिनं फडकं हातात तसंच धरून ठेवलं आणि सांगितलं की सासू रात्रंदिवस थंडी थंडी म्हणते, कुणाला ओळखत नाही पण थंडी ओळखते, दोन दिवसांपुरतं म्हणून भरलं होतं. मग फोन जवळ घेऊन, रागानं नाही, खरंच जाणून घ्यायला विचारावं तसं तिनं विचारलं, "दीदी, आपने कभी नहीं भरा?"

पेपरच्या पुरवणीत लिहायला शोभत नाही, पण लिहिते. न्हाणीच्या झडपेच्या काचा गुरुनं काढल्या त्याच डिसेंबरात मी तिथे तांदळाच्या पिशवीचं प्लास्टिक चारी कडांनी ठोकून बसवलं होतं. डास यायचे, आंघोळ करताना पाठीला वारं लागायचं. बंगळूरचं वारं! तो विचारायचा आणि मी उघडी आहे म्हणायचे. गेली आठ वर्षं. गरम पाण्यानं आंघोळ करून बाहेर आले की कधी कधी डोकं गरगरायचं, ते मी वयावर ढकलायचे. चाळीस घरांवर त्याचा विश्वास नव्हता, म्हणून ती घरं वाचली. माझ्यावर होता.

डोलमाला मी काय सांगितलं असेल? मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. ती हसली नाही. बायको नवऱ्याला, आई लेकीला सांगते तशा आवाजात एवढंच म्हणाली, "दिखाओ."

मी फोन हातात धरून जिना उतरले. देवघरातून उदबत्ती आणि काडेपेटी घेतली. न्हाणीत स्टुलावर चढून एका हातानं ते प्लास्टिक ओढलं, खिळ्यासकट निघालं, अंगावर धूळ पडली. गीझर पेटवला. उदबत्ती झडपेशी धरली आणि फोन उलटा फिरवला, म्हणजे तिला दिसेल. माझा हात हलत होता, त्यामुळे आधी काहीच कळेना. तिकडून ती म्हणाली, हात स्थिर धरा, भाईजी असंच सांगायचे. मी कोपर भिंतीला टेकवलं. धूर जरा वेळ तिथेच घुटमळला, मग वाकला, आणि झडपेतून बाहेर, शेजारच्या आंब्याकडे गेला. आम्ही दोघी बघत होतो.

"सरी," डोलमा म्हणाली. "अब सोना."